रंगावरून शिवी आली तर काय करायचं: एका विकेटकीपरच्या सूचना

मी अठरा वर्षं विकेटकीपिंग केलं आणि गेली बारा वर्षं सोळा वर्षांखालच्या मुलामुलींना शिकवते. स्टंपमागे उभं राहणाऱ्याला मैदानावरचं सगळं ऐकू येतं. बॅटर स्वतःशी पुटपुटतो ते, स्लिपमधले दबक्या आवाजात बोलतात ते, दोरीपलीकडून येतं तेही. त्यामुळे अशा वेळी काय करायचं हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. एका सामन्यात तो उतरला.

माझा डावखुरा बोलर, वय पंधरा, रंगानं गडद, केस कुरळे. फाइन लेगला उभा होता. दोरीपलीकडची तीन-चार मुलं तो जवळ आला की माकडाचे आवाज काढत होती. ड्रिंक्सच्या वेळी तो माझ्याकडे आला आणि बुटाच्या लेसकडे बघत म्हणाला, "मॅडम, मला दुसरीकडे उभं करा ना." का, ते त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "दुर्लक्ष कर. बॉलनं उत्तर दे." वर पाठीवर थाप मारली आणि परत तिथेच पाठवलं, घाबरून पळाला असं त्या पोरांना वाटू नये म्हणून. नंतरच्या तीन ओव्हरमध्ये त्यानं सात वाइड टाकले. पुढचे दोन आठवडे सरावाला आला नाही.

त्या वाक्यात काय चुकलं हे कळायला मला बराच वेळ लागला. शिवी देणाऱ्यांनी काही करायचं नाही, अंपायरनं नाही, मी नाही. ज्याला ती लागली त्यानंच आता विकेटही काढायची. आणि नाही निघाली तर? मग काय ती पोरं बरोबर ठरली?

पुढे लिहिलंय ते सगळं त्यानंतर चुकत-माकत बसवलेलं आहे. मी क्रिकेटवाली, म्हणून भाषा क्रिकेटची. तुमचा खेळ वेगळा असेल तर शब्द बदलून घ्या.

सुरुवात आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये

बाहेरचे काय म्हणतात ते नंतर बघू. आधी आपण एकमेकांना कशी हाक मारतो ते ऐका. काळ्या, कालिया, चिंकी, डांबर. "अहो, प्रेमानं म्हणतो," हे उत्तर ठरलेलं. डॅरेन सॅमी हा वेस्ट इंडिजला २०१२ आणि २०१६ असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. आयपीएलमध्ये सहकारी त्याला 'कालू' म्हणायचे. शब्दाचा अर्थ तगडा घोडा वगैरे असावा असं त्याला वाटायचं. खरा अर्थ कळला तो २०२०मध्ये, आणि मग तो जाहीरपणे बोलला. पुढे एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, तेव्हा ते प्रेमापोटीच होतं अशी ग्वाही त्याला मिळाली. असेलही. पण ज्या शब्दाचा अर्थ समोरच्याला कळला की आपली मान खाली जाते, तो प्रेमाचा शब्द नव्हे, एवढं मला पुरतं.

मी काय करते: हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. तुला मैदानावर कोणत्या नावानं हाक मारायची ते लिही, नाव दाखवू नको, दुमडून दे. पहिल्यांदा केलं तेव्हा चौदा चिठ्ठ्या आल्या. ज्याला सगळे दोन वर्षं काळ्या म्हणत होते (मीही एकदा-दोनदा म्हणाले असेन) त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि खाली आणखी एक शब्द: फक्त. त्या दिवसापासून स्कोअरशीटवर आणि तोंडात तेच नाव. कुणी चुकलं तर दंड नाही, भाषण नाही. नुसतं नाव पुन्हा घ्यायचं. साधारण तीन आठवड्यांत जीभ वळते.

पहिलं अर्धं मिनिट

शिवी कानावर आली की पहिली गोष्ट: खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. बोलर असशील तर चेंडू हातातच ठेव आणि रनअपच्या खुणेवर थांब. तू टाकल्याशिवाय पुढचा बॉल होत नाही. बॅटर असशील तर क्रीझमधून बाजूला हो आणि हात वर कर. फील्डर असशील तर बॉल संपला की लगेच कर्णधाराला हाक मार, ओव्हर संपायची वाट बघू नकोस. दोन ओव्हरनंतर सांगितलं तर ते "मघाशी काहीतरी म्हणाले" असं होतं.

खूण आधीच ठरवून ठेवा. आम्ही दोन्ही मनगटं समोर एकमेकांवर आडवी धरतो. ही फुटबॉलमधून उचललेली आहे. फिफानं २०२४मध्ये वंशद्वेषी शेरेबाजीसाठी हीच खूण स्वीकारली. त्यांची पुढची पद्धतही सोपी आणि लक्षात राहणारी आहे: आधी सामना थांबवायचा, तरी चालूच राहिलं तर खेळाडूंना आत न्यायचं, तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. क्रिकेटच्या अंपायरला ही खूण माहीत असेलच असं नाही, म्हणून मी टॉसच्या वेळी दोन्ही अंपायर आणि समोरच्या कोचना सांगून ठेवते. एका कोचनं मला विचारलं, "का, काही होणार आहे का?" म्हटलं, हेल्मेटही काही होणार म्हणून घालत नाही आपण.

मग कर्णधार आणि तो खेळाडू, दोघांनी मिळून अंपायरकडे जायचं. एकट्याला पाठवू नका. तीन वाक्यं बोलायची. कोणता शब्द आला. कुठून आला. आम्हाला काय हवं आहे. पहिल्या वाक्यात शब्द जसाच्या तसा उच्चारायचा. मुलं इथेच अडतात. शिवी दुसऱ्याची असते आणि लाज यांना वाटते. "सर, ते घाण बोलतायत" असं म्हणून थांबतात. घाण म्हणजे काय, अंपायरला कसं कळणार? म्हणून आम्ही हे नेटमध्ये करून बघतो. मी अंपायर होते आणि मुद्दाम त्रासिक होते: "ए, खेळा रे, उशीर होतोय." मुलांनी तरी तिथेच उभं राहून तीन वाक्यं पुरी करायची. पहिल्या दिवशी सगळे हसतात. तिसऱ्या वेळी कुणी हसत नाही.

अंपायरच्या हातात काय असतं तेही ठाऊक असू द्या. समोरच्या खेळाडूनं गंभीर अपमान करणारे शब्द वापरले तर क्रिकेटच्या ४२व्या नियमाखाली पाच पेनल्टी रन देता येतात. तुमच्या स्पर्धेचे स्वतःचे नियम काय म्हणतात ते मात्र आधी वाचून घ्या. बाउंड्रीबाहेरच्या माणसाला पेनल्टी देता येत नाही, तिथे आयोजकांना बोलवावं लागतं.

मोठ्या माणसाचं उदाहरण हवं असेल तर मी मोहम्मद सिराजचं देते. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर असताना, नोव्हेंबर २०२०मध्ये त्याचे वडील गेले. तो दौऱ्यावरच राहिला. जानेवारी २०२१मध्ये सिडनीच्या कसोटीत प्रेक्षकांमधून शेरे आले. तिसऱ्या दिवशी संघानं तक्रार केली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा तो कर्णधार अजिंक्य रहाणेकडे गेला आणि प्रकरण अंपायरांपर्यंत पोचलं. खेळ दहा मिनिटं थांबला. मैदान सोडून जायचा पर्याय अंपायरांनी दिला होता आणि रहाणेनं आम्ही खेळणार असं सांगितलं, हे सिराजनंच पुढे सांगितलं. पुढच्या कसोटीत, ब्रिस्बेनला, त्यानं दुसऱ्या डावात ७३ धावांत पाच बळी घेतले. सगळे त्या पाच बळींची गोष्ट सांगतात. मी मुलांना क्रम बघायला सांगते. तक्रार आधी झाली, बळी नंतर आले. आणि बळी आले नसते तरी तक्रार तितकीच खरी होती.

वही

सिडनीच्या त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट झाली, ती फारशी कुणाला आठवत नाही. त्या दिवशी सहा प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढलं. नंतर क्रिकेट ऑस्ट्रेलियानं चौकशी केली. खेळाडूंना वंशावरून शिव्या दिल्या गेल्या हे मान्य केलं, पण त्या दिल्या या सहा जणांनी नव्हे, असा निष्कर्ष काढला. म्हणजे अपमान खरा, आणि माणसं चुकीची. कॅमेरे आणि सुरक्षारक्षक असलेल्या मैदानावर असं होतं, तर आपल्याकडे एका ओव्हरनंतर कुणाला काय आठवणार?

म्हणून नोंद लगेच, त्याच ब्रेकमध्ये. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "दुसरा डाव, ओव्हर १४, चौथा बॉल. शब्द: (शब्द लिहिलेला आहे). बोलणारा: पॉइंटवरचा फील्डर, टीशर्ट नंबर ९. ऐकलं: आमचा नॉन-स्ट्रायकर, स्क्वेअर लेगचा अंपायर बहुधा नाही. आमच्या कर्णधारानं मुख्य अंपायरला सांगितलं. अंपायरनं त्यांच्या कर्णधाराला बोलावलं." बस. "अत्यंत निंदनीय", "मनाला वेदना देणारं" असलं काही वहीत नको. वाचणाऱ्याला राग आपोआप येतो, तपशील आपोआप येत नाही.

नोंदीवर खेळाडूची सही घेऊ नका, तो त्या वेळी कशावरही सही करेल. सही तुमची करा. सामना संपल्यावर एक प्रत आयोजकांना, लेखी, त्याच संध्याकाळी. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी दुसरं पत्र, पहिल्याची तारीख टाकून. या चिकाटीचं कौतुक कुणी करत नाही, पण नियम असेच जन्माला येतात. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला आदिवासी खेळाडू मायकेल लाँग यानं एका सामन्यातली शिवी सोडून द्यायला नकार दिला. त्याच वर्षी लीगनं खेळाडूंमधल्या वंशावरून होणाऱ्या शिवीगाळीविरुद्ध स्वतंत्र नियम केला. त्याआधी दोन वर्षं, १९९३मध्ये, त्याच लीगमधला निकी विनमार सामना जिंकल्यावर प्रेक्षकांसमोर जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवत उभा राहिला होता. तो फोटो अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. मला दोन्ही आवडतात, पण मुलांना मी लाँगचा रस्ता शिकवते. फोटो काढणारा दरवेळी हजर नसतो.

थांबायचं की खेळायचं

हे खेळाडू ठरवणार. कोच नाही, आईवडील नाहीत, संघाची गरज तर मुळीच नाही. मी एकच प्रश्न विचारते: "आता तुला काय हवंय?" आणि गप्प बसते. आत जाऊन बसायचं असेल तर कुणीतरी त्याच्यासोबत बसेल. खेळायचं असेल तर कुठे उभं राहायचं तेही तोच सांगेल. जागा बदलून मागणं म्हणजे पळणं नव्हे. मी त्या दिवशी हेच चुकले.

गप्प राहून सोसणं म्हणजेच मानानं वागणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं, आणि त्यासाठी नेहमी जॅकी रॉबिन्सनचं नाव पुढे केलं जातं. त्याची पूर्ण गोष्ट सांगा. १५ एप्रिल १९४७ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधली कृष्णवर्णीय खेळाडूंवरची साठेक वर्षांची बंदी मोडली. संघाचा कारभारी ब्रँच रिकी यानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की सुरुवातीची वर्षं उलट उत्तर द्यायचं नाही. तो एक करार होता, विचारपूर्वक केलेला, मुदतीचा. १९४९पर्यंत ते बंधन सुटलं, रॉबिन्सन तोंड उघडू लागला, आणि त्याच वर्षी .३४२च्या सरासरीनं खेळून तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोंड बंद होतं म्हणून बॅट चालत होती, असं काही नव्हतं. आणि पंधरा वर्षांच्या मुलाशी कुणी असा करार केलेला नसतो. आपण तो परस्पर त्याच्यावर लादतो.

बाकीचे दहा जण

रॉबिन्सनच्या पहिल्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या संघानं, त्यांच्या मॅनेजरसकट, त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की शेवटी त्याचा सहकारी एडी स्टँकी त्यांच्यावर ओरडला: उलट बोलू शकतो अशा कुणाला तरी शिव्या द्या. मजा अशी की रॉबिन्सन संघात यावा असं सुरुवातीला या स्टँकीलाही वाटत नव्हतं. म्हणजे बाजूनं उभं राहायला आधी मन पूर्ण स्वच्छ व्हावं लागतं असं नाही. आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीचे दलित फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांचं बघा. तिथे प्रश्न वंशाचा नव्हता, जातीचा होता. पण वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनबाहेर चहा घेणाऱ्या माणसाला तो फरक काय वाटणार? १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी मुंबईच्या धर्मवार स्पर्धेत खेळणाऱ्या हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं नाही. १९२०मध्ये त्यांच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवरामनी, या अन्यायावरून संघातून माघार घेतली. १९२३मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

मुलांना मी दोनच वाक्यं देते. समोरच्याला: "हे आम्ही ऐकलं, अंपायरला सांगतोय." आपल्या माणसाला: "मीही ऐकलं." दुसरं जास्त महत्त्वाचं. शिवीपेक्षा, ती आपल्यालाच ऐकू आली की काय, ही शंका मुलाला पोखरते. मारामारी नको, उलट शिवी नको. कारण साधं आहे: मग अंपायरच्या कागदावर दोन नावं येतात.

शिवी देणारा आपलाच असेल तर

हा भाग लिहायचा मी टाळत होते. जानेवारी २०१९मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार आणि विकेटकीपर सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुक्वायोला रंगावरून जे बोलला ते स्टंप माइकनं जगाला ऐकवलं. त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. त्यानं प्रत्यक्ष भेटून माफीही मागितली. ती क्लिप ऐकताना मला पहिला विचार आला तो हा, की आमच्या वेळी माइक नव्हता.

कारण मीही बोलले आहे. संध्याकाळचा अंधुक उजेड, समोर एक सावळी बॅटर. मी स्टंपमागून म्हणाले, "जरा हस गं, बोलरला दिसत नाहीयेस." स्लिप हसली. दोन बॉलनंतर ती बोल्ड झाली आणि मी ते चांगल्या कीपिंगमध्ये धरलं. अकरा वर्षांनी माझ्या मुलांच्या सामन्याला ती अंपायर म्हणून आली. जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हो, आठवतंय. सामना झाल्यावर बोलू." सामना झाला, तिनं बेल्स खिशात टाकल्या, कागदावर सही केली आणि निघून गेली. बोलायला ती बांधील नव्हती.

तेव्हा माफी मागायला शिकवताना मी हेही शिकवते. वाक्य असं: "मी तुला अमुक म्हणालो. ते चुकीचं होतं. पुन्हा म्हणणार नाही." त्यात "तुला वाईट वाटलं असेल तर" नको, "गंमत होती" नको. बळेच हात मिळवायला लावू नका, फोटो तर नकोच. समोरच्यानं माफ केलं नाही तर ऐकून परत यायचं. आणि आपल्या मुलानं केलेलं आपणच अंपायरला सांगायचं, तो संघाचा सर्वांत चांगला बॅटर असला तरी. मी एकदा तसा एक उपांत्य सामना घालवला. पालक चिडले होते. दोघांनी मुलं काढून नेली.

घरी

पालकांसाठी थोडक्यात. पहिला प्रश्न "मग तू काय केलंस?" हा नको. आधी जेवायला वाढा. "सोडून दे" म्हणू नका, आणि रात्री अकराला समोरच्या कोचला फोनही करू नका. घरातली कुणी "उन्हात खेळून आणखी काळी होशील" म्हणत असेल तर ते आजच बंद करा. या एका वाक्यानं मी जितक्या मुली गमावल्या तितक्या दुखापतींनी गमावल्या नाहीत.

फोनवर काही आलं तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि वेळ दिसेल असा. मग दोन दिवस फोन मोठ्या माणसाकडे. जुलै २०२१मध्ये फुटबॉलच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि तिघांवर समाजमाध्यमांतून वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रॅशफर्डनं नंतर जे लिहिलं त्याचा आशय असा, की हुकलेल्या पेनल्टीची माफी मागतो, मी जो आहे त्याची कधीच मागणार नाही. मुलांना ही फोड करून द्यायला हवी. वाइड टाकलेस, त्यावर काम करू. रंगाचं काही करायचं नाहीये, कारण तिथे काही बिघडलेलंच नाही.

माझ्या डावखुऱ्या बोलरच्या घरी मी तिसऱ्या आठवड्यात गेले. त्याला सांगितलं की चूक माझी होती, कोणती तेही सांगितलं. तो म्हणाला, "बरं." परत आल्यावर पहिले पंधरा दिवस फक्त रनअप आणि एकच स्टंप, फलंदाज नाही. दिवसाला चार ओव्हर. सामन्यात मिड-ऑफला उभा राहायचा, माझ्या नजरेसमोर. शाळेच्या एका कार्यक्रमात "अनुभव सांगायला" त्याला बोलावत होते, मी नाही म्हणाले; त्यालाही विचारलं, तोही नाही म्हणाला. महिन्याभरानं एका ओव्हरच्या शेवटी तो स्वतःच फाइन लेगकडे चालत गेला. मी कर्णधाराला खूण केली, राहू दे.

वहीत आजवर अकरा नोंदी आहेत. चार आमच्याच मुलांविरुद्धच्या. लेखी उत्तर आलं तीनदा, त्यातलं एक दुसऱ्या पत्रानंतर. पेनल्टी रन मिळाले एकदा. वही किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, स्कोअरबुकसोबत नको, ते स्कोअररकडे असतं. सोबत दोन पेन्सिली. ओल्या कागदावर पेन उठत नाही.